तीन गाड्या मोडल्या, चौथी कोणती घेऊ?

पत्र : ताई, आमचा मुलगा पावणेसहा वर्षांचा आहे. रिमोटच्या गाडीशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही. वर्षभरात तीन गाड्या झाल्या. पहिलीचा आवाज येतो, पण चाकं फिरत नाहीत. दुसरी जिन्यावरून पडली आणि पुढचं चाक निखळलं. तिसरी चार्जच होत नाही. तिन्ही मिळून साडेतीन हजार गेले. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते म्हणतात हा नुसता पैशाचा चुराडा. ह्यांचं म्हणणं, आता एकदाच काय ती भारीतली घेऊ. ताशी चाळीस किलोमीटर पळणारी एक गाडी त्यांनी ऑनलाइन बघून ठेवलीय. तिसरी गाडी बंद पडली तेव्हा मुलानं ती चार दिवस पलंगाखाली लपवून ठेवली होती. काय घेऊ, आणि टिकवू कशी? – एक आई, सातारा

उत्तर :

मी पलंगाखालच्या गाडीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे. गाडी मोडली की घरात बोलणी बसतात हे त्या पोराला कळून चुकलंय, म्हणून त्यानं ती लपवली. रिमोटच्या गाड्या मोडतातच. पंचवीस हजारांची गाडीसुद्धा मोडते, फक्त तिचा मोडलेला तुकडा सुटा मिळतो. त्यामुळे चौथी गाडी घरात येण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका आणि त्याला समोर बसवून सांगा : काही तुटलं, ढिलं झालं, वेगळा आवाज आला, की लगेच सांगायचं, कोणी रागावणार नाही. हे मी केवळ लाडापोटी सांगत नाहीये. सोमवारी ढिला झालेला एक स्क्रू सोमवारीच आवळला तर फुकटात काम होतं. तोच गुरुवारपर्यंत तसाच राहिला तर गिअरचे दात जातात, आणि मग गाडी खरंच गेली.

आता त्या तीन गाड्या. टाकून दिल्या नसतील अशी आशा आहे.

पहिलीचा आवाज येतोय, म्हणजे मोटर जिवंत आहे. बिघाड मोटर आणि चाक यांच्या मध्ये कुठेतरी आहे. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा, कडेची एक थाळी घ्या (सुटे स्क्रू गडगडत जाऊ नयेत म्हणून), बॅटरी काढा आणि गाडी उलटी करा. सगळ्यात आधी मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. माझ्या भाच्याची गाडी अशीच बंद पडली होती. चाक आणि गिअरच्या डब्याच्या मधल्या अर्ध्या सेंटिमीटरच्या फटीत काळं, घट्ट, चकचकीत वेटोळं दिसलं. आधी मला रबराचं वायसर वाटलं. चिमट्यानं टोक धरून ओढलं तर केस निघाला. मग दुसरा, मग साडीच्या फॉलचा दोरा, मग गालिच्याचे धागे. माझ्या बहिणीचे केस लांबसडक आहेत, आणि ते वर्षभर त्या आसावर रिळासारखे गुंडाळले गेले होते. वीस मिनिटं लागली सोडवायला. शेवटचा दोरा सुटला आणि चाक बोटानं भिरभिरलं, तेव्हा भाच्याच्या तोंडावर जे आलं ते नव्या गाडीच्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं.

केस नसतील तर डबा उघडा. मोटरच्या दांड्यावर शेंगदाण्याएवढा एक गिअर असतो, त्याला पिनियन म्हणतात. स्वस्त गाड्यांत तो प्लॅस्टिकचा, नुसता दाबून बसवलेला असतो. त्याला उभी बारीक चीर गेली की मोटरचा दांडा आतल्या आत फिरतो, आवाज येतो आणि चाक ढिम्म. हा गिअर सुटा मिळतो आणि अगदी स्वस्त असतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणारं कोणी असेल तर जुना गिअर कागदाच्या पुडीत बांधून सोबत द्या. दात मोजून तेवढ्याच दातांचा आणि त्याच भोकाचा मागायचा.

दुसरीचा पुढचा हात, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारी दांडी, तुटला असणार. इन्स्टंट गमानं तो चिकटणार नाही. तिथे सतत झटका बसतो आणि तो गम झटक्याला काचेसारखा तडकतो. सुई तापवून चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडा, तांब्याच्या पातळ तारेनं टाके घाला आणि वरून दोन ट्यूबवालं एपॉक्सी लावा. रात्रभर हलवू नका. तापवलेली सुई अर्थात मोठ्यांच्याच हातात.

तिसरीची बहुधा बॅटरी गेली. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायचात का? अशा गाड्यांबरोबरच्या यूएसबी वायरमध्ये बॅटरी भरल्यावर आपोआप थांबायची सोय असेलच असं नाही. किंवा उलटं झालं असेल, गाडीचं बटण चालू राहून ती आठवडाभर पडून होती आणि बॅटरी पार तळाला गेली. तळाला गेलेली लिथियम बॅटरी पुन्हा जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. त्याच व्होल्टची, त्याच प्लगची नवी घ्या. प्लगमधली लाल आणि काळी वायर जुन्यासारखीच आहे ना, हे बसवण्याआधी दोनदा बघा, कारण सारख्याच दिसणाऱ्या प्लगमध्ये वायरी उलट असू शकतात.

तीनपैकी एक जरी चालू झाली तरी चौथीची घाई उरणार नाही. 

आता खरेदीकडे. खेळण्याच्या दुकानातली गाडी आणि हॉबीची, म्हणजे शौकिनांसाठी बनवलेली गाडी यांत वेगापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. दुकानातल्या गाडीत सगळं एकाच सर्किट बोर्डावर असतं. एक कोपरा जळला की गाडी गेली. हॉबीच्या गाडीत मोटर वेगळी, वेग सांभाळणारी डबी वेगळी, वळवणारी सर्वो मोटर वेगळी, रिसीव्हर वेगळा, बॅटरी वेगळी. जे गेलं तेवढंच बदलायचं. म्हणून विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हा की या गाडीचे पुढचे हात, गिअर आणि जादा बॅटरी सुटी मिळते का. तो गडबडला किंवा ‘तशी गरजच पडत नाही मॅडम’ म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.

दुसरी परीक्षा चालवून बघायची. रिमोटचं चाक किंचित वळवा. पुढची चाकं किंचितच वळली तर चांगलं. खाडकन शेवटपर्यंत वळली तर ती गाडी फक्त ‘पूर्ण डावं’ आणि ‘पूर्ण उजवं’ जाणते. अशा गाडीनं पोर भिंतीवरच जाणार आणि दोष मात्र त्याला मिळणार. वेगाचं बटणही तसंच तपासा, हलकं दाबलं की हळू चालली पाहिजे. मग गाडी फरशीवर ठेवून समोरून बघा : बंपर चाकांच्या पुढे आलेला आहे की चाकंच आधी भिंतीला लागणार? शेवटी हात-बित नखानं हलके वाकवून बघा. जरा लवणारं, नायलॉनसारखं प्लॅस्टिक मार खातं आणि परत सरळ होतं. टणक, चकचकीत प्लॅस्टिक तडकतं.

खेळण्यावर आयएसआयचा शिक्का बघायला विसरू नका. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो आपल्याकडे सक्तीचा आहे. बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्यांसाठीचं मानक आयएस १५६४४. हॉबीच्या बऱ्याच गाड्यांच्या खोक्यावर मात्र ‘वय १४+’ असंच छापलेलं असतं. त्या मुळात लहान मुलांसाठी बनवलेल्या नाहीत. याचा अर्थ अशी गाडी घेतलीत तर ती मुलाची आणि एका मोठ्या माणसाची मिळून असेल, आणि तो मोठा माणूस दर वेळी जवळ असेल. हे जमणार नसेल तर घेऊच नका.

ताशी चाळीसच्या गाडीबद्दल मी स्पष्ट सांगते : आत्ता नको. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. तुमच्या मुलाच्या लक्षात येईपर्यंत ती पार्किंगच्या या टोकाहून त्या टोकाला पोचलेली असेल. वेग चौपट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होत नाही, सोळापट होते. ताशी दहाच्या वेगानं भिंतीला लागली तर बंपरवर ओरखडा येईल, चाळीसनं लागली तर पुढचा सगळा भाग सुटा होईल. आणि दीड-दोन किलोची ती वस्तू शेजारच्या रांगत्या बाळाच्या अंगावर गेली तर काय, हे मी लिहितही नाही. यजमानांना हौस आहे ती चांगलीच आहे, त्यांनी ती मोकळ्या मैदानावर स्वतःसाठी जरूर करावी. मुलाच्या हातात द्यायचीच झाली, तर वेग अर्ध्यावर आणणारी सोय, म्हणजे ट्रेनिंग मोड, असलेलीच गाडी बघा आणि तो मोड लावूनच द्या.

मी तुमच्या जागी असते तर क्रॉलर घेतला असता. क्रॉलर म्हणजे माणसाच्या चालीनं चालणारी, चारही चाकांना जोर असलेली, दगडधोंड्यांवरून चढणारी जीपसारखी गाडी. ती आपटत नाही, फार तर कलंडते. पोराला वाटतं तेवढा वेग हवाच असतो असं नाही. त्याला गाडीनं काहीतरी अवघड करून दाखवायला हवं असतं. क्रॉलर उशीवर चढतो, पुस्तकांच्या पायऱ्या चढतो, कुंड्यांच्या मधून वाट काढतो, आणि पोर त्याच्या मागे गुडघ्यांवर रांगत तासभर रमतं. दिवाळीत तर विचारूच नका. तुम्ही साताऱ्याचे, किल्ला करतच असाल. किल्ल्याला एका बाजूनं गाडीवाट ठेवा, माती नीट वाळू द्या, आणि मावळ्यांच्या मधून ती जीप महादरवाजापर्यंत न पाडता न्यायची. माझा भाचा दोन दिवाळ्या हेच करत होता, शेजारची सगळी पोरं रांगेत उभी.

नावं घ्यायची तर ॲक्सियलची एससीएक्स २४ ही १:२४ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी, आणि ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम ही १:१८ मापाची. दोन्हींचे सुटे भाग मिळतात. आपल्याकडे मात्र त्यांच्या किमती दहा हजारांच्या पुढे जातात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं, त्याचाही हा परिणाम. त्याहून बऱ्याच स्वस्तात डब्ल्यूपीएल या चिनी कंपनीचे १:१६ मापाचे ट्रक आहेत. त्यांचं फिनिशिंग तेवढं नाही, पण ते उघडता येतात, भाग मिळतात आणि शिकायला उत्तम. पावणेसहा वर्षांच्या मुलासाठी मी याच पायरीवर थांबेन.

गाडी आल्यावर पहिल्या आठवड्यात पोराला तीनच सवयी लावा. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. नाहीतर मालकाविना गाडी कधी कधी सुटते. दुसरी, आणि ही सगळ्यात मोलाची : गाडी अडकली की बोट सोडायचं. सोफ्याखाली अडकलेल्या गाडीचं बटण पोरं दाबूनच धरतात. चाक फिरत नसताना मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, तापते, जळका वास येतो. माझ्यासमोर उघडलेल्या मेलेल्या गाड्यांत भिंतीपेक्षा सोफ्यानं मारलेल्या जास्त होत्या. तिसरी, पुढची चाकं हातानं वळवायची नाहीत, कारण त्यामुळे आतल्या सर्वोचे दात मोडतात. पुढे-मागे-पुढे असं झटक्यात करणंही गिअरला मारक आहे. तो खेळ लागला की थांबवा.

गाडी सरळ सोडली तरी एका बाजूला ओढत असेल तर ती बिघडलेली नाही. रिमोटवर ‘ट्रिम’ नावाचं छोटं चाक असतं, ते थोडं फिरवून सरळ करायचं. एवढ्याशा कारणावरून गाड्या माळ्यावर गेलेल्या मी पाहिल्यात.

रोजचं काम दोन मिनिटांचं : बॅटरी काढायची, जुन्या टूथब्रशनं धूळ झाडायची, आसांवर केस बघायचे. रविवारी पंधरा मिनिटं. लहान स्टार स्क्रूड्रायव्हर, चिमटा, चाकांच्या नटाचा पाना आणि शिवणयंत्राचं तेल एवढं पुरतं. प्लॅस्टिकमधले स्क्रू आवळताना मनगटाचा जोर लावला की आटे जातात आणि मग स्क्रू नुसता फिरतच राहतो. युक्ती अशी की स्क्रू ठेवून आधी हलकेच उलटा फिरवायचा. ‘टक’ असं खाली बसल्याचं बोटाला जाणवतं, म्हणजे जुन्या आट्यात बसला. मग सरळ फिरवायचा आणि अडला की थांबायचं. मोटर हलवून गिअर पुन्हा जुळवायचे असतील तर दोन गिअरांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळा आणि गिअर फिरवून पट्टी काढून घ्या. तेवढी फट बरोबर असते. तेल म्हणजे धातूच्या बेअरिंगला एक थेंब, त्याहून जास्त नको. तेलाला धूळ चिकटली की तिचा पॉलिश पेपर होतो.

पावणेसहा वर्षांचं मूल ब्रश मारू शकतं, टॉर्च धरू शकतं, स्क्रू मोजून थाळीत ठेवू शकतं, चिमट्यानं केस ओढू शकतं. बॅटरी आणि चार्जर मात्र त्याच्या हाताला लागू देऊ नका. याबाबतीत मी कडक आहे. लिथियमची बॅटरी खेळून गरम झाली असेल तर आधी थंड होऊ द्या. तिच्याच चार्जरवर, उघड्या फरशीवर, कोणीतरी जागं असताना आणि त्याच खोलीत असताना चार्ज करा. गादीवर किंवा पडद्याजवळ नको, झोपायच्या आधी लावून तर मुळीच नको. बॅटरी उशीसारखी फुगली असेल, तर ती पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. घराबाहेर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बरेच दिवस खेळणार नसाल तर ती पूर्ण भरलेलीही नको आणि रिकामीही नको, अर्ध्याच्या आसपास ठेवा.

रिमोटमधले पेन्सिल सेल सुट्टीला गावी जाताना काढून ठेवा. सेल गळून पांढरा थर बसला असेल तर कापसाच्या काडीला लिंबाचा रस लावून पत्रा पुसा, मग साध्या ओलसर काडीनं, मग कोरडा करा. एखाद्या छोट्या खेळण्यात बटणासारखे सेल असतील तर ते झाकण स्क्रूनं बंद होतंय ना, हे आजच बघा. असा सेल पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला न बसता तडक हॉस्पिटल गाठायचं. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही गंभीर जखम करतो.

साताऱ्याचा पाऊस म्हणजे गाडीची परीक्षाच. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी ते बहुतेक वेळा फक्त इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं, बेअरिंग आणि स्क्रू गंजतातच. भिजली तर पुसून, पंख्याखाली उलटी ठेवून वाळवा आणि तेलाचा थेंब द्या. समुद्रावर मात्र नेऊ नका. गुहागरची वाळू एकदा मोटरमध्ये शिरली की खारटपणा आणि कण मिळून ती आठवडाभरात संपवतात. नदीकाठचा, माळावरचा दगड चालेल.

आणि तुमचे सासरे. ताई, तुमच्या घरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस बसलाय आणि तुम्ही दुरुस्तीचं मला विचारताय! त्यांना पैशाचा चुराडा दिसतो, कारण त्यांनी जन्मभर बिघडलेली वस्तू उघडून बघितलीय आणि घरात मात्र ती न उघडताच बाद होते. येत्या रविवारी ती पहिली गाडी आणि स्टार स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे ठेवा, टॉर्च नातवाच्या हातात द्या. मागचा डबा उघडला की आत छोटे तिरके गिअर दिसतात का ते बघायला सांगा. दिसले तर तो डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं म्हणून तो असतो, आणि एसटीच्या मागच्या आसात हेच काम कसं चालतं ते त्यांच्याइतकं नीट त्या पोराला कोणी सांगू शकणार नाही. क्रॉलरमध्ये बहुतेक वेळा तो मुद्दाम बंद केलेला असतो, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, म्हणून तो दगडावर चढतो आणि फरशीवर वळताना चाकं घासत वळतो. का, ते आजोबांना विचारायला सांगा त्याला.

पिनियन फुटलेला निघाला तर दात किती आहेत ते मला कळवा.